एकाच पीयूषिकेतील एकाधिक अर्बुदे : दुर्मीळतेच्या दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

मेंदूच्या तळाशी, स्फेनॉइड अस्थीतील खोगिराच्या आकाराच्या खळग्यात बसलेली पीयूषिका ग्रंथी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची असते. मराठी परिभाषेत तिला पोष ग्रंथी असेही म्हटले जाते. शरीराची वाढ, प्रजनन, दुग्धस्राव, अवटू व अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अशा अनेक व्यवहारांचे नियमन तिच्या अग्रखंडातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमार्फत होते. या अग्रखंडातील पेशींची जी सौम्य स्वरूपाची गाठ बनते तिला ग्रंथिअर्बुद किंवा रूढ वैद्यकीय भाषेत अ‍ॅडिनोमा म्हणतात. एका ग्रंथीत एक अर्बुद ही वैद्यकाच्या परिचयाची गोष्ट आहे. त्याच इवल्याशा ग्रंथीत एकाच वेळी दोन किंवा अधिक भिन्न अर्बुदे नांदत असल्याचे आढळते, तेव्हा मात्र वैद्यकीय लेखनाचा सूर बदलतो. या प्रकारच्या लेखनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सदर विषयावरील लेखन बहुतांशी एकेका रुग्णाच्या वृत्तान्ताच्या रूपाने प्रसिद्ध होत आले आहे. अशा वृत्तान्ताची घडण ठरून गेलेली आहे. प्रारंभीच्या वाक्यात ही अवस्था 'अत्यंत दुर्मीळ' असल्याचे सांगितले जाते. त्यानंतर रुग्णाची लक्षणे, रक्ततपासण्या व चुंबकीय प्रतिमा येतात, सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे येतात, आणि पूर्वी प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांची संख्या देऊन त्यात एकाची भर घातली जाते. असा वृत्तान्त लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दुर्मीळता हा गुणोत्तराचा विषय आहे. किती ग्रंथींपैकी किती, आणि त्या ग्रंथी कशा रीतीने तपासलेल्या, हे सांगितल्यावाचून 'दुर्मीळ' या विशेषणाला शास्त्रीय अर्थ प्राप्त होत नाही. वृत्तान्तामध्ये अंश असतो, छेद नसतो. छेद शोधू गेल्यास निराळेच चित्र दिसू लागते आणि दुर्मीळतेचा बराचसा भाग आपल्या पाहण्याच्या रीतीतून आलेला आहे, असे मानण्यास सबळ आधार मिळतो.

हा केवळ मोजदादीचा वाद असता तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. कुशिंगच्या विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णाचा विचार करावा. त्याच्या पीयूषिकेत ए.सी.टी.एच. हे संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवणारे एखादे सूक्ष्म अर्बुद असते. ते कित्येकदा काही मिलिमीटरांपेक्षा मोठे नसते आणि प्रतिमेत दिसतही नाही. शेजारी प्रोलॅक्टिन पेशींचे दुसरे, थोडे मोठे व निरुपद्रवी अर्बुद असले तर प्रतिमेत तेच दिसते, शल्यचिकित्सकाच्या हाती तेच लागते आणि शस्त्रक्रिया पूर्ण झाली असे समजून जखम बंद केली जाते. रुग्णाचे कॉर्टिसॉल मात्र खाली येत नाही. रक्तदाब, मधुमेह, हाडांची झीज, संसर्गाची भीती हे सारे तसेच राहते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याची वेळ येते. 'एकच असणार' या गृहीतकाची किंमत अशी मोजावी लागते.

एकापासून अनेकाकडे

या गृहीतकाला इतिहास आहे. हार्वी कुशिंग यांनी १९१२ साली पीयूषिका व तिचे विकार या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १९१० मध्ये पाहिलेल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणीचे वर्णन आहे. स्थूलता, मासिक पाळी बंद होणे, अंगावर अतिरिक्त केस येणे अशी तिची लक्षणे होती. कोणत्या ग्रंथीला दोष द्यावा हे तेव्हा निश्चित न झाल्याने कुशिंग यांनी त्या अवस्थेला बहुग्रंथीय लक्षणसमूह असे नाव दिले. वीस वर्षांनंतर, १९३२ साली, बारा रुग्णांच्या आधारे त्यांनी या लक्षणसमूहामागे पीयूषिकेतील बेसोफिल पेशींचे एक लहान अर्बुद असते, असा सिद्धान्त मांडला. बाराही रुग्णांच्या बाबतीत ते अर्बुद प्रत्यक्ष पाहता आलेले नव्हते. तरीही सिद्धान्त मूलतः खरा ठरला आणि त्याचे श्रेय कुशिंग यांना निर्विवादपणे द्यावे लागते. परंतु एका बाजूस अनेक लक्षणे व दुसऱ्या बाजूस त्या सर्वांना पुरून उरणारी एक गाठ, ही जी विचाराची चौकट त्यातून रूढ झाली ती पुढील संशोधकांच्या डोळ्यांवर बराच काळ राहिली.

या चौकटीला छेद देणारी सामग्री लवकरच उपलब्ध झाली. अमेरिकेत कोस्टेलो यांनी १९३६ साली एक हजार पीयूषिका शवविच्छेदनातून मिळवून तपासल्या. हयातीत पीयूषिकेचा कोणताही विकार जाणवला नव्हता अशा व्यक्तींच्या या ग्रंथी होत्या. त्यांपैकी २२.५ टक्के ग्रंथींत अर्बुदे आढळली. गाठ असणे व गाठीमुळे आजार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अभ्यासाने दाखवून दिले. सुमारे पाच माणसांत एकाच्या पीयूषिकेत नकळत गाठ असू शकत असेल, तर आजार निर्माण करणाऱ्या गाठीच्या शेजारी अशी एखादी मूक गाठ असण्यात नवल ते काय? हा प्रश्न तेव्हाच विचारला जाणे शक्य होते. तो गांभीर्याने विचारला जाण्यास मात्र अनेक दशके लागली.

या विलंबाचे मुख्य कारण साधनांत होते. त्या काळी पेशींचे वर्गीकरण रंजकद्रव्य कसे चढते यावर केले जाई. आम्लरंजी, क्षाररंजी आणि कोणताही रंग न घेणारी, असे तीन वर्ग होते. रंग न घेणारी गाठ संप्रेरक स्रवत नाही, असे सर्रास समजले जाई. मानवी प्रोलॅक्टिन हे वृद्धिसंप्रेरकाहून वेगळे संप्रेरक असल्याचे १९७० च्या सुमारास निश्चित झाले. त्याच दशकात प्रतिपिंडांच्या साहाय्याने ऊतींमधील संप्रेरके ओळखण्याचे तंत्र प्रचारात आले आणि 'निष्क्रिय' म्हणून गणल्या गेलेल्या कित्येक गाठी प्रोलॅक्टिन बनविणाऱ्या निघाल्या. ज्या दोन गाठी साध्या रंगलेपनात सारख्याच फिकट दिसतात त्यांना दोन म्हणून ओळखण्याचा मार्ग त्यापूर्वी उपलब्धच नव्हता. तेव्हा त्या काळातील वाङ्मयात एकाधिक अर्बुदांचे उल्लेख विरळ आहेत, यावरून ती अर्बुदे विरळ होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुर्बिणीपूर्वी गुरूला उपग्रह नव्हते असे म्हणण्यासारखे आहे.

शवविच्छेदनाचे आकडे व शस्त्रक्रियेचे आकडे

या विषयातील सर्वांत उपयुक्त सामग्री, प्रस्तुत लेखकाच्या मते, जर्मनीतील बुरमन व झेगर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. ३०४८ शवविच्छेदनांतील पीयूषिका त्यांनी तपासल्या. ३१६ ग्रंथींत मिळून ३३४ अर्बुदे सापडली. यांपैकी सुमारे ४० टक्के प्रोलॅक्टिन पेशींची होती. अर्बुदे ग्रंथींपेक्षा अठराने अधिक आहेत. अर्थात एकाहून अधिक अर्बुदे असलेल्या ग्रंथी जास्तीत जास्त अठरा असू शकतात. एखाद्या ग्रंथीत तीन असतील तर अठराहूनही कमी.

या आकड्यांकडे संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे, आणि ते फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. ३०४८ पृष्ठांचा एक ग्रंथ आहे व त्यात एकूण ३३४ मुद्रणदोष आहेत, अशी कल्पना करू. दोष कोणत्याही योजनेवाचून, परस्परांशी संबंध न ठेवता विखुरलेले असतील तर एकही दोष नसलेली, एक दोष असलेली व दोन किंवा अधिक दोष असलेली पृष्ठे किती असावीत, याचे उत्तर पॉयसॉन वितरण देते. दर पृष्ठी सरासरी दोष ०.११ च्या जवळपास येतात. त्यावरून किमान एक दोष असलेली पृष्ठे सुमारे ३१६ आणि दोन किंवा अधिक दोष असलेली सुमारे १७ असावीत, असे गणित निघते. प्रत्यक्षात अर्बुदयुक्त ग्रंथी ३१६ आढळल्या व एकाधिक अर्बुदांच्या ग्रंथी अठराहून अधिक असणे शक्य नाही. अपेक्षा व निरीक्षण यांचा एवढा मेळ जीवशास्त्रात क्वचितच पाहावयास मिळतो.

या मेळाचा अर्थ काळजीपूर्वक लावावयास हवा. वय, लिंग, कौटुंबिक प्रवृत्ती यांमुळे कोणतीही लोकसंख्या एकजिनसी नसते. अशा विषमतेमुळे एकाधिक गाठींचा आकडा यदृच्छेच्या अपेक्षेहून थोडा वाढावयास हवा. उलट शेजारी असलेल्या दोन सूक्ष्म गाठी एकच म्हणून नोंदल्या जाण्याची आणि दोन कापांच्या मध्ये राहून गेलेली गाठ मुळीच न सापडण्याची शक्यता असते, त्यामुळे तो घटावयास हवा. या दोन विरुद्ध दिशांच्या त्रुटींनी एकमेकींना झाकलेले असणे अशक्य नाही. म्हणून सर्व एकाधिक अर्बुदे निव्वळ योगायोगाने घडतात, हे यावरून सिद्ध होत नाही. एवढे मात्र नक्की म्हणता येते की, सर्वसाधारण लोकसंख्येत त्यांच्या अस्तित्वाचे स्पष्टीकरण देण्यासाठी योगायोगापलीकडे काही गृहीत धरण्याची गरज या आकड्यांतून उत्पन्न होत नाही. अनेक वृत्तान्तांच्या अखेरीस 'एका अर्बुदाने दुसऱ्यास जन्म दिला असावा' किंवा 'समान कारणाचा शोध घ्यावा' अशी जी अनुमाने जोडलेली असतात, त्यांना या कसोटीवर प्रथम उतरावे लागेल.

आता शस्त्रक्रियेतून मिळालेल्या सामग्रीकडे वळू. वरील शवविच्छेदनात अर्बुदयुक्त ग्रंथींपैकी पाच टक्क्यांच्या आसपास ग्रंथींत एकाहून अधिक अर्बुदे होती, असे धरता येते. फ्रान्समधील त्रुइया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात, आनुवंशिक विकार नसलेल्या २५०९ रुग्णांच्या गाठींमध्ये हे प्रमाण अवघे ०.१ टक्का होते. पाच टक्के व ०.१ टक्का! एकाच ग्रंथीविषयीच्या दोन संख्यांमध्ये पन्नास पटींची तफावत असेल, तर ती निसर्गातील आहे असे मानणे कठीण आहे. शल्यचिकित्सक नाकपुडीच्या मार्गाने, अरुंद वाटेतून गाठीपर्यंत पोहोचतो आणि तिचे तुकडे तुकडे करून बाहेर काढतो. उर्वरित ग्रंथी शक्य तितकी अबाधित ठेवणे हे त्याचे कर्तव्यच असते. शिवाय मोठी गाठ शेजारचे सारे दडपून टाकते. तिच्या पोटात लहान गाठ गेली असेल तर तिचा मागमूस उरत नाही. विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर जे येते ते ग्रंथीचे चित्र नसते, चित्राच्या काही चिंध्या असतात.

या म्हणण्याची कसोटी अमेरिकेतील रॅट्लिफ व ओल्डफिल्ड यांच्या २००० सालच्या लेखात सापडते. ६६० पीयूषिका-शस्त्रक्रियांच्या नोंदींतून त्यांनी कुशिंगचा विकार व एकाधिक अर्बुदे असलेले १३ रुग्ण वेगळे काढले, म्हणजे सुमारे २ टक्के. त्रुइया यांच्या आकड्याच्या वीस पट! कुशिंगच्या विकारात गाठ इतकी लहान असते की शल्यचिकित्सकाला ग्रंथीचा कानाकोपरा पद्धतशीरपणे धुंडाळावा लागतो. जिथे शोध कसून घेतला जातो तिथे प्रमाण शवविच्छेदनाच्या दिशेने सरकते, हे लक्षणीय आहे. सदर लेख या विषयावरील उत्तम लेखांपैकी आहे, कारण त्यात एका संस्थेतील सलग नोंदींचा छेद दिलेला आहे. त्याची एक उणीव नोंदविणे आवश्यक वाटते. अंशस्थानी रुग्ण आणि छेदस्थानी शस्त्रक्रिया अशी दोन वेगळी परिमाणे असल्याने टक्केवारी ढोबळच समजावी लागते. वाङ्मयात मात्र ती वारंवार काटेकोर असल्यासारखी उद्धृत होते.

'एक' म्हणजे काय?

आतापर्यंत आपण गाठी मोजता येतात असे मानून चाललो. वस्तुतः खरी अडचण तिथेच आहे. साध्या भाषेत ज्या गोष्टी वेगळ्या दिसतात त्या दोन. पीयूषिकेत हा निकष फसवा ठरतो. एकाच गाठीतून दोन संप्रेरके स्रवू शकतात. अ‍ॅक्रोमेगालीच्या अनेक रुग्णांत वृद्धिसंप्रेरकासोबत प्रोलॅक्टिनही वाढलेले असते. याची किमान तीन स्पष्टीकरणे शक्य आहेत. दोन्ही संप्रेरके बनविणाऱ्या पेशींची एकच गाठ असेल, दोन स्वतंत्र गाठी असतील, किंवा मोठ्या गाठीने ग्रंथीच्या देठावर दाब आणल्याने मेंदूकडून येणारे डोपामाइन अडून निरोगी पेशींतील प्रोलॅक्टिनवरचा लगाम सैल झाला असेल. तिसऱ्या प्रकारात प्रोलॅक्टिनची वाढ सहसा माफक असते. रक्ततपासणीचा कागद या तिघांत स्वतःहून भेद करीत नाही. तरीही वाढलेल्या दोन संप्रेरकांवरून दोन अर्बुदे घोषित करणारे लेखन अधूनमधून दिसते. ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि सर्वत्र एकच गाठ पाहण्याच्या सवयीइतकीच ती आक्षेपार्ह आहे.

यातून वाट काढण्यासाठी पेशींच्या वंशपरंपरेचा निकष पुढे आला. अग्रखंडातील पेशी भ्रूणावस्थेत तीन शाखांनी विकसित होतात. पिट-१ या नियामक प्रथिनाच्या शाखेतून वृद्धिसंप्रेरक, प्रोलॅक्टिन व अवटू-उद्दीपक संप्रेरक बनविणाऱ्या पेशी येतात. टी-पिटच्या शाखेतून ए.सी.टी.एच. बनविणाऱ्या, तर एस.एफ.-१ च्या शाखेतून जननग्रंथींचे उद्दीपन करणाऱ्या पेशी येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात हा निकष स्वीकारला. त्यानुसार वृद्धिसंप्रेरक व प्रोलॅक्टिन एकत्र आढळल्यास एक गाठ मानणे स्वाभाविक ठरते. वृद्धिसंप्रेरक व ए.सी.टी.एच. एकत्र आढळल्यास मात्र शाखा ओलांडल्या जात असल्याने दोन गाठींचा संशय घ्यावा लागतो. या प्रथिनांची तपासणी नियमितपणे करणाऱ्या केंद्रांतून एकाधिक अर्बुदांची नोंद पूर्वीपेक्षा सहज होऊ लागली आहे, ही या निकषाची जमेची बाजू.

मात्र तो तर्काच्या दृष्टीने निर्दोष नाही. एका गाठीत दोन शाखा मिसळत नाहीत हे गृहीत धरावयाचे. मिसळलेल्या दिसल्या तर त्या दोन गाठी आहेत असे ठरवावयाचे. आणि मग एका गाठीत शाखा मिसळल्याचे उदाहरण आढळत नाही, असा दाखला द्यावयाचा! हा अन्योन्याश्रय आहे. सुदैवाने २०२२ च्या वर्गीकरणाने, निश्चित वंशशाखा दाखविता येत नाही अशा बहुसंप्रेरकी गाठींना स्वतंत्र स्थान देऊन या चक्राला थोडी फट ठेवली आहे. दुसरी अडचण याच्या उलट आहे. प्रोलॅक्टिन पेशींच्या दोन गाठी एकाच ग्रंथीत निरनिराळ्या जागी असल्या तर वंशशाखेचा निकष त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही. तिथे मध्ये निरोगी ऊतींची पट्टी आहे की नाही, हा जुना शारीररचनेचा निकषच कामी येतो, आणि शस्त्रक्रियेत निघालेल्या तुकड्यांत ती पट्टी दिसणे हा नशिबाचा भाग असतो.

गाठ व अतिवृद्धी यांतील सीमारेषेविषयीही असेच म्हणता येईल. निरोगी अग्रखंडात पेशींचे लहान पुंजके रेटिक्युलिन तंतूंच्या जाळीने वेढलेले असतात. चांदीच्या क्षारांच्या रंगलेपनात ही जाळी काळी दिसते. अतिवृद्धीत पुंजके फुगतात, जाळी ताणली जाते, पण टिकून राहते. अर्बुदात ती मोडते. ग्रंथीभर अतिवृद्धी आणि तीत ठिकठिकाणी जाळी मोडलेली असेल तर अर्बुदे किती? पाच, सात, की एकच पसरलेला विकार? या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून येत नाही, परिभाषेतून येते.

१९९० साली पीयूषिकेतील गाठी एकाच मूळ पेशीपासून उत्पन्न होतात, हे स्त्री-रुग्णांतील एक्स गुणसूत्राच्या अभ्यासावरून दाखविण्यात आले. त्यामुळे 'एक गाठ' या संकल्पनेस जैविक आधार मिळाला. एका पेशीचा वंश तो एक, दोन पेशींचे वंश ते दोन. परंतु शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवलेल्या गाठींमध्ये, मूळ गाठीत नसलेले गुणसूत्रीय बदलांचे नमुने क्लेटन व सहकाऱ्यांना २००० साली आढळले. म्हणजे 'परत आलेली' म्हणून नोंदलेली गाठ काही वेळा दुसरीच असू शकते. काळाच्या ओघात एकापाठोपाठ आलेल्या दोन गाठी आणि एकाच वेळी असलेल्या दोन गाठी यांत मग तत्त्वतः काय फरक उरतो, हा प्रश्न एकाधिक अर्बुदांच्या वाङ्मयाने अजून पुरेसा हाताळलेला नाही.

लाघवाची मर्यादा

निदानशास्त्रात चौदाव्या शतकातील विल्यम ऑफ ऑकम यांच्या नावाने ओळखले जाणारे मितव्ययाचे तत्त्व शिकविले जाते. जितक्या कमी कारणांत भागेल तितके उत्तम. आपल्याकडे न्यायशास्त्राने लाघव हा कल्पनेचा गुण व गौरव हा दोष मानला, तो याच अर्थाने. याला उत्तर म्हणून, रुग्णाला हवे तितके आजार एकाच वेळी होऊ शकतात, अशा आशयाचे जॉन हिकम या अमेरिकन वैद्याच्या नावावरील वचन सांगितले जाते. वैद्यकीय लेखात ही दोन वचने समोरासमोर उभी करून विषय संपविण्याची प्रथा पडली आहे. ती उथळ आहे, असे म्हणावे लागते. नैयायिकांचा विवेक अधिक सूक्ष्म होता. प्रमाणाने सिद्ध झालेल्या फलाकडे जाताना जे गौरव पत्करावे लागते, ज्याला ते फलमुख गौरव म्हणत, ते दोषास्पद नाही, असे त्यांनी मानले. ए.सी.टी.एच. पीयूषिकेतूनच येते हे शिरांतील रक्ताच्या तपासणीने ठरलेले आहे आणि काढलेली गाठ प्रोलॅक्टिनची निघाली, तर दुसरी गाठ गृहीत धरणे हे कल्पनेचे ओझे राहत नाही. ती प्रमाणाची मागणी असते.

शिवाय लाघव कोणत्या पातळीवर पाहावयाचे, हाही प्रश्न आहे. एम.ई.एन.-१ या आनुवंशिक विकारात पीयूषिका, परावटू व स्वादुपिंड अशा अनेक ग्रंथींत अर्बुदे होतात. त्याला कारणीभूत जनुक १९९७ साली ओळखले गेले. त्रुइया यांच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात या विकाराच्या ७७ रुग्णांपैकी ४ टक्क्यांच्या पीयूषिकेत एकाधिक अर्बुदे होती. चार टक्के म्हणजे प्रत्यक्षात तीन रुग्ण, हे विसरून चालणार नाही. तरीही त्याच तंत्राने तपासलेल्या इतर रुग्णांतील ०.१ टक्क्याशी तुलना करता हा फरक बोलका आहे. कार्नी संकुल, मॅक्यून-अल्ब्राइट लक्षणसमूह यांसारख्या अवस्थांतही ग्रंथीभर अतिवृद्धी व तीत उगवलेल्या गाठी आढळतात. इथे गाठी अनेक असल्या तरी कारण एकच, आणि ते पेशींच्या गुणसूत्रांत आहे. योगायोगाने शेजारी आलेल्या दोन गाठी व एकाच बिघडलेल्या भूमीतून उगवलेल्या दोन गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसू शकतात. रुग्णाच्या मुलाबाळांच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या बाबतीत कुटुंबाची तपासणी अनावश्यक, दुसऱ्या बाबतीत ती टाळणे अक्षम्य. एकाधिक अर्बुदांच्या वृत्तान्तात कुटुंबाचा इतिहास व रुग्णाचे वय यांना अनेकदा एका ओळीत गुंडाळले जाते, ही या लेखनप्रकाराची गंभीर उणीव मानावी लागेल.

आणखी एक प्रकार या दोन्हींत बसत नाही. क्वचित पीयूषिकेच्या अर्बुदात चेतापेशींची गाठ, म्हणजे गँग्लिओसायटोमा, मिसळलेली आढळते. अशा रुग्णांना बहुधा अ‍ॅक्रोमेगाली असते. या चेतापेशींत वृद्धिसंप्रेरकाच्या स्रावाला चालना देणारे द्रव्य असल्याचे १९८० च्या दशकात दाखविले गेले. त्यावरून पहिल्या गाठीने दुसरीला चेतविले असे अनुमान काढता येते. उलट दोन्ही एकाच मूळ पेशीच्या दोन रूपांत गेलेल्या शाखा आहेत, असेही मत मांडले गेले आहे. 'एका गाठीने दुसरी जन्मास घातली' या अनुमानाला खरा आधार मिळण्याची शक्यता असेल तर ती येथे आहे, प्रोलॅक्टिन व ए.सी.टी.एच.च्या सर्वसामान्य जोडीत नाही.

नावाचा प्रश्न

२०२२ च्या वर्गीकरणाने 'अ‍ॅडिनोमा' या शब्दाऐवजी 'पीयूषिकेचे चेता-अंतःस्रावी अर्बुद' ही संज्ञा स्वीकारली आणि वर्तनसूचक संकेतांक सौम्य गटातून घातक गटात नेला. पीयूषिकेच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या नामांतरास २०१९ मध्येच आक्षेप घेतला होता. नव्या नावाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, काही गाठी आसपासच्या अस्थीत व शिरांच्या पोकळीत घुसतात, त्यांना सौम्य म्हणणे ही दिशाभूल आहे. त्यात तथ्य आहे. तथापि बुरमन व झेगर यांच्या ३०४८ मृतांपैकी ३१६ जणांच्या ग्रंथींत हेच अर्बुद होते आणि त्यांचा मृत्यू अन्य कारणांनी झालेला होता. नव्या संज्ञेचा अर्थ अक्षरशः घेतला तर दर दहांतील एक मनुष्य हे अर्बुद बाळगून जगतो, आणि त्यांतील काही दोन. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या प्रतिमेत दोन ठिपके दिसलेल्या व्यक्तीस 'आपणास दोन चेता-अंतःस्रावी अर्बुदे आहेत' असे लेखी कळविले गेल्यास तिच्यावर काय गुदरेल, याचा विचार परिभाषा ठरविणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. विमा, नोकरी, विवाह यांसारख्या व्यवहारांत असा कागद कसा वाचला जाईल, हे आपल्याकडील वाचकास समजावून सांगण्याची गरज नसावी.

म्हणून विकृतिशास्त्राच्या अहवालात 'एकाधिक' हा शब्द एकटा येऊ नये. किती तुकडे हाती आले, त्यांत निरोगी ग्रंथीचा अंश होता की नव्हता, रेटिक्युलिनचे रंगलेपन केले की नाही, कोणती संप्रेरके व कोणती नियामक प्रथिने तपासली, या नोंदी त्याच्या शेजारी असाव्यात. 'एकच' या शब्दासही हीच अट लागू व्हावी. केवळ साध्या रंगलेपनावर दिलेल्या अहवालात 'पीयूषिकेचा अ‍ॅडिनोमा, एक' असे लिहिलेले असते तेव्हा त्यातील 'एक' ही संख्या तपासलेली नसते. शस्त्रक्रियेनंतरही कॉर्टिसॉल न उतरलेल्या रुग्णाचा कागद पुन्हा उघडताना पहिल्यांदा शंका घ्यावयाची ती त्या संख्येवर.